फाळ, पास आणि धाव: गावच्या लोहारकामाची पार्श्वभूमी

गावगाड्यात लोहाराला बलुतं मिळे ते मुख्यतः दुरुस्तीचं. वर्षभर नांगराचे फाळ, कुळवाच्या पासा (जमिनीत फिरणारी लोखंडी पाती), विळे, खुरपी शेवटून, म्हणजे झिजलेली तापवून-ठोकून पुन्हा धारदार करून, द्यायची आणि सुगीत खळ्यावर धान्य घ्यायचं. नवी वस्तू हवी असेल तर लोखंड बहुधा शेतकरीच आणून देई.

हे लोखंड पूर्वी जवळच निघे. महाबळेश्वरच्या डोंगरात धावड लोक लोहदगड कोळशाच्या भट्टीत गाळत. इंग्रजी अमलात जंगलावर बंधनं आली, कोळसा महागला, शिवाय विलायती लोखंड स्वस्त पडू लागलं. त्या भट्ट्या विझल्या, पण ऐरण चालूच राहिली, कारण पट्टी कुठलीही असो, ती तापवून ठोकता येत होती.

खरं कसब धावेत, म्हणजे बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवायच्या लोखंडी कड्यात. चाकाच्या घेरापेक्षा धाव अर्धा ते पाऊण इंच तोकडी ठेवायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, सांडशींनी उचलून पुठ्ठ्यांवर (चाकाच्या घेराच्या लाकडी तुकड्यांवर) बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. धाव आवळते आणि सांधे करकचून बसतात. फार तोकडी केली तर आरे वाकतात. सैल राहिली तर उन्हाळ्यात लाकूड सुकताच निसटते.

मोठा फरक पडला बिडामुळे, म्हणजे साच्यात ओतलेल्या लोखंडामुळे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. १९१० मध्ये कारखाना कुंडलजवळ, आजच्या किर्लोस्करवाडीला आला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीने शेतकरी आधी बिचकले. लोहाराची अडचण वेगळीच होती: ओतीव बिडात कार्बन दोन टक्क्यांहून जास्त असतो. त्यामुळे नांगराचा बिडाचा भाग तापवून घणाखाली घेतला की फुटतो. झिजला की नवा विकत आणायचा! बलुत्याचा पायाच इथे खचला. रबरी टायर आणि ट्रॅक्टर नंतर आले.

आजचे कोयते-खुरपी बऱ्याचदा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांचे असतात. पूर्वी मऊ लोखंडाला पोलादाची धार टाकणखार घालून जोडावी लागे. पाट्याचं पोलाद मुळातच कडक होणारं, त्यामुळे जोडकाम वाचतं. मात्र पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करताना, चूक महाग पडते. लालपेक्षा जास्त, पिवळा तापवून बुडवला तर तडकतो. फक्त धारेकडची बाजू बुडवायची, तीही खालीवर हलवत, नाहीतर पाण्याच्या रेषेवर चीर जाते. मग मागची धग धारेकडे येऊ द्यायची: घासलेल्या पात्यावर पेंढ्यासारखा पिवळा रंग दिसताच पुन्हा गार करायचं. निळा होईपर्यंत थांबलं तर धार मऊ पडून वळते, पिवळ्याआधीच गार केलं तर बाभळीच्या गाठीवर तिचा टवका उडतो.