गॅलरीची सळई वरच का?

गॅलरीच्या मुळाशी, भिंतीला समांतर, फरशीवर भेग दिसली की गावात दोनच कारणं ऐकू येतात: मिस्त्रीनं सिमेंट कमी टाकलं, नाहीतर घराला नजर लागली. मग कठड्याला काळी बाहुली बांधली जाते. बाहुलीनं भेग थांबत नाही. ती बहुतेक वेळा मोमेंटमुळे पडते आणि मोमेंट कागदावर काढता येतो.

कापसाची बंडी मागं जास्त भरली की उलार होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. कापूस तेवढाच, पण आसापासून लांब गेलेला. वजन गुणिले अंतर म्हणजे मोमेंट.

चार फूट, म्हणजे 1.2 मीटर बाहेर आलेली गॅलरी घ्या आणि तिची एक मीटर रुंद पट्टी मोजा. 125 मिलिमीटर जाड स्लॅबचं वजन चौरस मीटरला 3.1 किलोन्यूटन (1 किलोन्यूटन म्हणजे साधारण 100 किलो), फरशीचं 1, माणसं-सामानाचं 3. एकूण 7.1. पट्टीवर 8.5 किलोन्यूटन, आणि ते मधोमध, 0.6 मीटरवर धरायचं: मोमेंट 5.1 किलोन्यूटन-मीटर. टोकाला चार इंची विटांचा तीन फूट कठडा: 2 किलोन्यूटन गुणिले 1.2, म्हणजे 2.4. कठडा वजनात पाचवा हिस्सा, पण मोमेंटमध्ये जवळपास तिसरा. एकूण 7.5.

आता सोयाबीनचे कट्टे. मीटरभर रुंदीत चार-चार कट्ट्यांच्या दोन थप्प्या कठड्याला टेकून लावल्या, तर 50 किलोचे 8 कट्टे म्हणजे 4 किलोन्यूटन, मुळापासून 0.9 मीटरवर. मोमेंट 3.6. माणसं-सामानासाठी आपण धरला होता जेमतेम 2.2.

हे सगळं इमारतीच्या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये भरताना एक चूक फार होते. नकाशात गॅलरी काढत नाहीत, तिचा भार आतल्या बीमवर टाकून मोकळे होतात: मीटरला 10.5 किलोन्यूटन (8.5 आणि कठड्याचे 2), खाली. भार पोचला, पण 7.5 चा मोमेंट वाटेतच राहिला. आत स्लॅब पुढं सलग गेला असेल तर तो मोमेंट स्लॅबच्या वरच्या सळईतून आत जातो. खिडकीवरच्या छज्ज्यामागं मात्र स्लॅब नसतो. तिथं लिंटेल बीमच (खिडकीच्या डोक्यावरचा बीम) पिळला जातो, ओला कपडा पिळतात तसा. पिळासाठी बीमच्या सळयांभोवती बंद रिंगा कमी-कमी अंतरावर लागतात. सॉफ्टवेअरला मोमेंट सांगितलाच नाही, तर ते त्या मागणार नाही. म्हणून भारासोबत बीमच्या लांबीच्या अक्षाभोवती मोमेंट वेगळा टाका, किंवा गॅलरी प्लेटनं, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या सपाट तुकड्यांनी, काढा. प्लेटचे नोड (जोडबिंदू) बीमच्या नोडवरच बसले पाहिजेत, नाहीतर चित्रात जोडलेली दिसणारी गॅलरी हिशोबात सुटीच राहते.

निकाल आला की आधी वाकलेला आकार बघा. गॅलरीचं टोक वर गेलं असेल तर भाराचं चिन्ह उलटं पडलंय. आधारांच्या प्रतिक्रियांची, म्हणजे आधार वर जो जोर देतात त्याची, बेरीज हातानं काढलेल्या एकूण वजनाशी जुळवा. मोमेंटची आकृती काही सॉफ्टवेअर ताणाच्या बाजूला काढतात, काही दाबाच्या. हे न तपासता सळई ठरवू नका.

कारण गॅलरीत ताण वरच्या बाजूला असतो आणि काँक्रीट ताणात कच्चं. 20 मिलिमीटर कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) आणि 10 ची सळई धरली, तर सळईचा मध्य तळापासून 100 मिलिमीटरवर येतो. स्लॅबच्या दिवशी घमेली घेऊन माणसं जाळीवरून चालतात, सळई 40 मिलिमीटर दबते आणि 100 चे 60 होतात. ताकद तितक्याच प्रमाणात, जवळपास 40 टक्के घटते. दीडपट भार धरून ठेवलेली सुरक्षितता तिथंच संपते. सळई पार तळाला गेली तर ती असून नसल्यासारखी.

यावर उपाय स्वस्त आहे. तुकड्यांच्या सळईतून वाकवलेल्या चेअर दोन-अडीच फुटांवर जाळीखाली ठेवा, चालायला फळ्या टाका. गॅलरी जितकी बाहेर आली आहे त्याच्या किमान दीडपट वरची सळई आतल्या स्लॅबमध्ये न्या. सेंट्रिंगच्या पत्र्यापासून सळईच्या मध्यापर्यंत टेप लावा, काँक्रीट पडण्याआधी एकदा आणि पडत असताना पुन्हा: 100 मिलिमीटर.