रानाला न सोसणारं खत

मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल तळहातावर घेऊन बघा. वरून राखाडी, खालून काळपट, कडा मुरडलेल्या, वजन जवळजवळ नाहीच. नावात फूल असलं तरी हा बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार आहे. शास्त्रात या कुळाला शैवाक म्हणतात. शैवाकाला मुळं नसतात, पानांवर असतो तसा मेणाचा थरही नसतो. पावसाबरोबर, धुक्याबरोबर जे येईल ते थेट अंगात मुरतं. त्यामुळे हवा बिघडली की झाडांच्या कितीतरी आधी ते शैवाकाला कळतं. विल्यम नायलँडर या शास्त्रज्ञाने १८६६ मध्येच पॅरिसच्या शैवाकांवरून ही गोष्ट मांडली होती.

याच दगडफुलाचं एक भाऊबंद कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात दिसतं. त्याला ‘लांडगा शैवाक’ म्हणतात, कारण युरोपात लांडग्यांना घालायच्या विषात ते वापरत. लिंबासारखं पिवळंजर्द, फर नावाच्या सूचिपर्णी झाडांच्या लालसर खोडांना बिलगलेलं. खोडाच्या खालच्या भागात मात्र ते नसतं. हिवाळ्यात बर्फ जिथवर साचतो, तिथून वर ते सुरू होतं. भर उन्हाळ्यात गेलात तरी बर्फाची उंची खोडावर वाचता येते.

इथली बरीच राष्ट्रीय उद्यानं आणि वनक्षेत्रं कायद्याने राखलेली आहेत. जॉन म्यूर वनक्षेत्राला १९६४ पासून संरक्षण आहे. तिथे रस्ता नाही, मोटार नाही, कारखाना नाही. पण पश्चिमेला पायथ्याशी सॅन होआकिनचं खोरं पसरलंय. प्रचंड शेती, मोठमोठे गोठे, महामार्ग. दिवसा डोंगरउतार तापले की वारा खोऱ्यातून वर चढू लागतो आणि गोठ्यांतला अमोनिया, गाड्यांचे नायट्रोजन ऑक्साइड थेट फर-पाइनच्या रानात नेऊन सोडतो.

या दोन्हींत नायट्रोजन असतो, म्हणजे फुकटचं नत्र. आपल्याला यात वाईट काय, असंच वाटेल. आपल्याकडे सुरू हंगामातल्या उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस असते. सिएराच्या रानात मात्र वर्षाला हेक्टरी साधारण ३ किलो नत्र हवेतून उतरायला लागलं, की शैवाकांच्या जगात उलथापालथ सुरू होते. फक्त ३ किलो! हे रान हजारो वर्षं अर्धपोटी राहूनच घडलंय. कमी नत्रावर जगणाऱ्या जाती मागे हटतात आणि नत्राला सोकावलेल्या जाती त्यांची जागा घेतात. लांबून बघाल तर झाड हिरवंच, खोडावर काहीतरी उगवलेलंच. नुकसान डोळ्यांना दिसत नाही, हीच मला यातली सर्वांत गंभीर गोष्ट वाटते.

मागे हटणाऱ्यांत फांद्यांवरून काळ्या केसांसारखी लोंबणारी शैवाकं असतात. उडणारी खार हिवाळ्यात तीच खाते आणि घरट्यालाही तीच अंथरते.

याच वाऱ्याबरोबर ओझोनही येतो. धुराड्यांतून निघालेल्या वायूंवर कडक ऊन पडलं की तो तयार होतो. जेफ्री पाइन या झाडाच्या सुया, म्हणजे त्याची पानं, एरवी काही वर्षं झाडावर टिकतात. ओझोनमुळे त्यांच्यावर पिवळे ठिपके पडतात, त्या अकाली गळतात आणि फांदीच्या टोकाला नुसता झुपका उरतो. अशा अशक्त झाडाला मग साल पोखरणारे भुंगेरे गाठतात.

अमेरिकेने १९७७ मध्ये स्वच्छ हवेच्या कायद्यात दुरुस्ती केली. त्यानंतर अशा १५६ उद्यानांच्या आणि वनक्षेत्रांच्या हवेला सर्वांत कडक संरक्षण मिळालं. जवळपास नवा मोठा कारखाना येणार असेल, तर रानाची राखण करणाऱ्या खात्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. पण देशभर ज्या सहा प्रदूषकांसाठी हवेची मानकं ठरवली आहेत, त्यांत अमोनिया नाही. गोठ्यातून उठलेल्या त्या वासाची मोजणी वनखात्याचे लोक वर डोंगरात करतात: फरच्या खोडावरचं मूठभर पिवळं शैवाक खरवडून घेतात, वाळवतात आणि त्यात नत्र किती मुरलंय ते प्रयोगशाळेत तपासतात.