ब्रॅक्स्टन मिलरचा खांदा

७ सप्टेंबर २०१५, व्हर्जिनियातलं ब्लॅक्सबर्ग. अमेरिकन फुटबॉलची (हातात बॉल घेऊन पळायचा, फेकायचा तो खेळ) कॉलेज मॅच, ओहायो स्टेट विद्यापीठ विरुद्ध व्हर्जिनिया टेक. ओहायो स्टेटचा एक प्लेअर ५४ यार्डांचा टचडाउन पास धरतो (टचडाउन म्हणजे बॉल समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणं), आणि त्याच मॅचमध्ये बॉल घेऊन ५३ यार्ड पळत आणखी एक टचडाउन करतो, मधे एक गिरकी अशी घेतो की पकडायला आलेल्यांच्या हातात नुसती हवा. हा प्लेअर रिसीव्हर म्हणून आयुष्यातली पहिलीच कॉलेज मॅच खेळत होता. त्याआधी तो क्वार्टरबॅक होता, म्हणजे पास धरणारा नाही तर टाकणारा, आणि साधासुधा नाही, २०१२ आणि २०१३ अशी सलग दोन वर्षं बिग टेन या विद्यापीठांच्या लीगमधला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू. नाव ब्रॅक्स्टन मिलर.

मी क्रिकेटवर वाढलेली, त्यामुळे हा खेळ कळायला मला वेळ लागला. पण मिलरची गोष्ट वाचली आणि माणसाच्या खांद्याबद्दल जे काही वाचत गेले त्यातून बाहेरच पडता येईना.

आधी झालं काय ते सांगते. जानेवारी २०१४ मध्ये क्लेमसन विद्यापीठाविरुद्धच्या ऑरेंज बोल या मोठ्या मॅचमध्ये मिलरच्या उजव्या खांद्याला, म्हणजे फेकायच्याच खांद्याला, मार बसला. फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. ऑगस्टमध्ये सीझन तोंडावर आलेला, प्रॅक्टिसमध्ये एक साधा पास टाकला आणि खांदा पुन्हा गेला, या वेळी लॅब्रम फाटलं. पुन्हा ऑपरेशन, अख्खं वर्ष बाहेर. आणि त्याच वर्षी त्याच्या टीमने दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरच्या क्वार्टरबॅकना घेऊन राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं! जुलै २०१५ मध्ये त्याने जाहीर केलं, आता मी रिसीव्हर म्हणून खेळणार.

आता हे लॅब्रम म्हणजे काय. आपलं खुब्याचं हाड खोल उखळात बसल्यासारखं असतं, सहजी निसटत नाही. खांद्याचं तसं नाही. तिथे दंडाच्या हाडाचा मोठा गोळा एका उथळ बशीवर टेकलेला असतो, आणि कुठल्याही क्षणी त्या गोळ्याचा जेमतेम पाव ते एकतृतीयांश भाग बशीला लागलेला असतो. गोल बुडाची घागर सपाट फरशीवर ठेवली की कशी कलंडते, म्हणून आपल्याकडे तिच्याखाली चुंबळ ठेवतात ना, लॅब्रम म्हणजे तीच चुंबळ. बशीच्या कडेने फिरलेली चिवट कूर्चेची कडी. खोबणीची जी काही खोली आहे त्यातली जवळजवळ निम्मी या कडीमुळे मिळते. बाकी घागर सावरायचं काम रोटेटर कफ नावाच्या चार स्नायूंचं. हे सगळं इतकं सैल का, तर हात चारी दिशांना फिरावा म्हणून. शरीरातला सगळ्यात मोकळा सांधा हा, आणि त्या मोकळेपणाची किंमत म्हणजे तो निखळतोही पटकन.

फेकताना या चुंबळीवर काय बेतते ते बघा. पास टाकायच्या आधी क्वार्टरबॅकचा हात डोक्यामागे जातो आणि दंड स्वतःभोवती बाहेरच्या बाजूला पिळला जातो, साधारण १६० अंशांच्या आसपास. ही बेचकीचं रबर ताणायची पायरी. मग पाय, कंबर, धड यांची ताकद आसुडाच्या दांड्यापासून टोकाकडे जावी तशी हातात येते आणि दंड उलटा फिरतो, सेकंदाला साधारण ५००० अंश या वेगाने. तोच वेग टिकला असता तर हाताने एका सेकंदात तेरा-चौदा गिरक्या मारल्या असत्या. बेसबॉलमध्ये तर हा वेग ७००० च्याही वर जातो, पण तो बॉल दीडशे ग्रॅमच्या आतला, आणि हा फुटबॉल ४०० ग्रॅमच्या आसपासचा. बायसेप्सची, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूची, दोरीसारखी कंडरा याच लॅब्रमच्या वरच्या काठाला चिकटलेली असते, हात मागे पिळला की ती कंडराही पिळली जाते आणि काठ सोलून काढल्यासारखा ओढते. बॉल सुटल्यावर पुन्हा रोटेटर कफच्या त्याच छोट्या स्नायूंनी एवढ्या वेगातल्या हाताला क्षणात ब्रेक लावायचा. आणि हे प्रॅक्टिसमध्ये रोज, कित्येक वेळा.

एक गोष्ट मला इथे फार विलक्षण वाटते. चिंपांझी आपल्यापेक्षा किती ताकदवान, पण त्याला जोरात फेकता येत नाही, लहान मूलसुद्धा सरावाने त्याच्या पुढे जातं. २०१३ मध्ये नेचर या नियतकालिकात नील रोच आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की माणसाचा खांदा फेकताना स्नायुबंधांमध्ये ताण साठवून ठेवतो आणि एकदम सोडतो, आणि अशी शरीररचना साधारण २० लाख वर्षांपूर्वी होमो इरेक्टसमध्ये एकत्र आलेली दिसते. म्हणजे मिलरचं जे फाटलं ते आपल्याला माणूस म्हणून मिळालेल्या खास देणगीच्या ऐन बिजागरीत.

टाके घालून, हाडात छोटे खिळे बसवून लॅब्रम परत जोडता येतं, पण त्याला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे भरायला वेळ लागतो, आणि फेकणाऱ्याला पूर्वीचा वेग आणि नेम परत मिळायला वर्षसुद्धा जातं. कप कपाटात ठेवता येणं वेगळं आणि ४० यार्डांवर पळणाऱ्या माणसाच्या हातात बॉल टाकणं वेगळं. लॅब्रम थोडं जरी घट्ट जोडलं तरी हात मागे पूर्ण पिळला जात नाही, सैल राहिलं तर पुन्हा निसटायची भीती.

रिसीव्हरला मात्र हात मागे पिळायची ती पोझिशनच बहुतेक वेळा लागत नाही. त्याचे हात छातीसमोर किंवा डोक्यावर, सरळ पुढे, आणि भार येतो तो बॉल थांबवताना. ढोबळ हिशोब करून बघू: ४१० ग्रॅमचा बॉल ताशी ९० किलोमीटरने आला आणि हाताने तो १० सेंटिमीटरमध्ये थांबवला तर सरासरी १३० किलोचं वजन पेलण्याइतका जोर लागतो, तोच ३० सेंटिमीटर हात मागे घेत थांबवला तर ४३ किलोच्या आसपास. बांधकामावर खालून फेकलेली वीट वरचा मजूर कसा हात खाली नेत अलगद धरतो, अगदी तेच. यात खांद्याला काम आहे, पण बेचकी ताणायची नाहीये. अर्थात पडताना, आदळताना खांद्याला मार बसतोच, त्यामुळे रिसीव्हर झालं म्हणजे खांदा सुखरूप असं कुणी समजू नये.

उलट धोका पायांकडे सरकतो. फुल स्पीडमध्ये पळताना पाय पुढे टाकायच्या शेवटच्या क्षणी मांडीमागचे हॅमस्ट्रिंग ताणले जात असतानाच आकसत असतात, दुखापत व्हायची हीच वेळ. आणि रिसीव्हरचं काम म्हणजे जोरात जायचं, दोन-तीन पावलांत थांबायचं, काटकोनात वळायचं, गुडघ्यावर काय येत असेल विचार करा. मिलरचे पाय आधीपासूनच तयार होते ही जमेची बाजू, २०१२ मध्ये क्वार्टरबॅक असूनसुद्धा तो १२७१ यार्ड पळाला होता.

खरी अवघड गोष्ट माझ्या मते डोळ्यांची. उंच उडालेला बॉल नेमका कुठे पडेल हे मेंदू आकडेमोड करून काढत नाही. १९६८ मध्ये सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञाने एक सोपी युक्ती मांडली: नजरेत बॉल एकसारख्या गतीने वर चढत राहील असे पळत राहा, आपोआप योग्य जागी पोचाल. बाउंड्रीवरचा फील्डर नकळत असंच काहीसं करतो. पण रिसीव्हर बॉलकडे पाठ करून पळत असतो आणि अगदी शेवटी खांद्यावरून वळून बघतो, म्हणजे ही युक्ती वापरायला त्याला जेमतेम क्षणभर मिळतो. मिलरने हजारो पास उडताना पाहिले होते, पण सगळे स्वतःपासून लांब जाणारे! अंगावर येणारा बॉल ही नजरेसाठी वेगळीच गोष्ट, ती पहिल्यापासून शिकावी लागते.

मग क्वार्टरबॅक असतानाचं सोबत काय आलं? मैदान वाचणं. १९७३ मध्ये चेस आणि सायमन यांनी दाखवलं होतं की बुद्धिबळातले मुरलेले खेळाडू खऱ्या डावाचा पट पाच सेकंद बघून बराचसा बरोबर मांडतात, पण सोंगट्या वाटेल तशा ठेवल्या की ते नवशिक्यांच्या फारसे पुढे नसतात. त्यांची स्मरणशक्ती अफाट नसते, ओळखीच्या रचना डोक्यात बसलेल्या असतात. क्वार्टरबॅकचं तेच. मागे एक सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) उभा आहे की दोन, कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) जवळ आहे की लांब, यावरून समोरचे माणूस धरून खेळणार की जागा धरून, हे तो बॉल हलायच्या आधीच ताडतो. ही ओळख खांद्यात नसते, त्यामुळे फाटत नाही. शिवाय रिसीव्हर झाल्यावर त्याला हेही माहीत असतं की या घटकेला टाकणारा कुठे बघत असेल आणि कधी घाबरून बॉल सोडेल. ज्युलियन एडेलमन हा केंट स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, त्याला दुखापत नव्हती, पण एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये २००९ ला येताना रिसीव्हर झाला आणि फेब्रुवारी २०१९ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे त्या लीगच्या फायनलमध्ये, १० कॅच, १४१ यार्ड करून सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याची मोकळी जागा शोधायची हातोटी बघितली की जुना क्वार्टरबॅक दिसतोच.

मिलरचा उरलेला सीझन त्या पहिल्या मॅचइतका डोळे दिपवणारा नव्हता, तरी २०१६ मध्ये एनएफएलच्या ह्यूस्टन टेक्सन्स टीमने त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत तिसऱ्या फेरीत, एकूण ८५ व्या क्रमांकावर घेतलं, ते रिसीव्हर म्हणूनच.

आणि ती गिरकी. वेगात वळताना हात अंगाशी आवळले की वस्तुमान अक्षाजवळ येतं आणि माणूस आणखी भरकन फिरतो, फुगडी खेळताना आपण हात आखडून एकमेकींच्या जवळ सरकलो की वेग वाढतो तसाच. ब्लॅक्सबर्गच्या त्या रात्री बॉल काखेत, कोपर बरगड्यांना, म्हणजे खांदा अशा अवस्थेत की चुंबळीवर सगळ्यात कमी ओढ.