महिला हँडबॉल चॅम्पियन्स लीग

महिला हँडबॉल चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची, बायकांच्या हँडबॉलमधली सगळ्यात मोठी स्पर्धा. १९६०-६१ च्या सीझनला ती 'युरोपियन कप' म्हणून सुरू झाली आणि पहिला कप रोमानियाच्या श्टीइंत्सा बुखारेस्टने नेला. आधी ती आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघ भरवायचा, १९९१ ला युरोपियन हँडबॉल फेडरेशन निघालं, त्यांचं ऑफिस व्हिएन्नाला, मग कारभार त्यांच्याकडे गेला नि १९९३-९४ पासून नावही चॅम्पियन्स लीग झालं.

क्लब म्हणजे काय हे आपल्या खान्देशात जरा सांगावं लागतं, कारण आपल्याकडे हँडबॉल म्हटलं की शाळेची टीम. पीटी सर सकाळी मुरमाच्या मैदानावर फक्की मारून डी, म्हणजे गोलसमोरचा अर्धगोल, आखतात, पोरी तालुका खेळतात, जिल्हा खेळतात, नशीब असलं तर नाशिक विभागाच्या टीममध्ये येतात, आणि बारावी झाली की बहुतेकींचा खेळ तिथेच संपतो, कारण पुढे खेळायला गावात टीमच नसते. पुढे काही असेल तर विद्यापीठाची टीम, नाहीतर रेल्वे किंवा पोलिसात भरती. युरोपात ती जागा क्लबने भरलेली आहे, गावाच्या नावाची टीम, पगारी खेळाडू, आणि पैसे कोणीतरी गावातलंच देतं. म्हणून या स्पर्धेचा इतिहास वाचताना कप कोणी जिंकला याच्याबरोबर त्या टीमच्या मागे कोण उभं होतं हेही बघावं, मला तरी हा इतिहास तसाच समजला.

खेळ तोच, आपल्या पोरी खेळतात तोच. दोन्हीकडे सात-सात जणी, ४० बाय २० मीटरचं मैदान, ३० मिनिटांचे दोन हाफ, ६ मीटरच्या डीमध्ये फक्त गोलकीपर. बायकांचा बॉल ५४ ते ५६ सेंटिमीटर घेराचा. मोठा फरक हाताच्या पकडीचा. तिकडे लाकडी किंवा सिंथेटिक फ्लोअरवर, बोटांना राळ लावून खेळतात, त्यामुळे बॉल एका हातात चिकटून राहतो आणि खेळाडू हवेत उडी मारून मनगट फिरवून कुठेही फेकू शकते. आपल्याकडे मुरमावर दोन टप्पे पडले की बॉलवर धुळीचा थर बसतो, तो सटकतो, पोरी ड्रेसला हात पुसत राहतात नि डीवर झेप घेतली की गुडघे सोलून निघतात. ते गुडघे मी जवळून पाहिलेत, म्हणून तिकडची एखादी पोरगी डीत झेपावून फ्लोअरवर सरकत जाते तेव्हा आधी तिच्या गुडघ्यांकडेच नजर जाते.

सुरुवातीची तीस वर्षं पूर्व युरोपची. तिथे खेळाडूंचा खर्च सरकार, कारखाने, कामगार संघटना उचलायच्या. त्यात एक नाव सगळ्यांच्या वर आहे, स्पार्टाक कीव्ह. इगोर तुर्चिन नावाच्या तरुण कोचने १९६२ च्या सुमाराला कीव्हमधल्या शाळकरी पोरी गोळा करून ही टीम बांधली, म्हणजे आपल्या पीटी सरांसारखीच सुरुवात, फक्त त्याने त्या पोरी शाळा संपल्यावर सोडल्या नाहीत. त्यातलीच एक झिनाइदा, जी पुढे त्याची बायको झाली नि झिनाइदा तुर्चिना म्हणून जगभर ओळखली गेली. १९७० ते १९७३ सलग चार वेळा, मग एक वर्ष आड करत पाच वेळा, मग १९८५ ते १९८८ पुन्हा सलग चार, असे स्पार्टाकचे एकूण १३ कप झाले. इतके आजपर्यंत कोणाचेच नाहीत. १९७६ ला माँट्रियलमध्ये बायकांचा हँडबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकला आला, तेव्हा आणि १९८० ला सोव्हिएत संघाने सुवर्ण घेतलं, तिथेही कोच तुर्चिनच होता. मधल्या वर्षांत राडनिचकी बेलग्रेडने १९७६, १९८० आणि १९८४ असे तीन कप नेले, त्यांच्या स्वेतलाना किटिचला या खेळातल्या सर्वकालीन मोठ्या खेळाडूंमध्ये धरतात.

१९८९ नंतर सोव्हिएत संघ मोडत गेला, पूर्वेकडचा सरकारी पैसा आटला, चांगल्या खेळाडू पश्चिमेकडे गेल्या. त्याचा फायदा ऑस्ट्रियातल्या हिपो या क्लबला झाला, व्हिएन्नाच्या शेजारची ही टीम बँकेच्या पैशावर चालायची, नावच बँकेचं. १९८९ ते २००० मध्ये त्यांनी ८ कप जिंकले, आणि देशातली लीग तर चाळीसपेक्षा जास्त वर्षं सलग त्यांच्याकडेच होती.

यानंतरचा काळ मला सगळ्यात आवडतो, कारण तो छोट्या गावांचा आहे. १९९६ ला क्रोएशियातलं कोप्रिव्हनित्सा जिंकलं, तिथल्या पोद्राव्का कंपनीच्या नावाने ही टीम खेळते आणि ती कंपनी भाजीत घालायचा मसाला बनवते! १९९९ ला हंगेरीचं दुनाफेर, म्हणजे पोलादाच्या कारखान्याची टीम. डेन्मार्कच्या स्लागेल्सेने २००४, २००५, २००७ आणि व्हिबोर्गने २००६, २००९, २०१० असे तीन-तीन कप नेले, २०११ ला नॉर्वेचं लार्विक. आता तुलना करा, आपलं अमळनेर २०११ च्या जनगणनेत ९५ हजारांच्या वर होतं, आणि व्हिबोर्ग, लार्विक, कोप्रिव्हनित्सा यातलं प्रत्येक गाव त्याच्या साधारण निम्मं किंवा त्याहूनही लहान.

मॉन्टेनेग्रोची गोष्ट तर याहून मोठी. अख्ख्या देशाची लोकसंख्या सव्वासहा लाखांच्या आसपास, आपला एकटा जळगाव जिल्हा २०११ ला ४२ लाखांवर होता. त्यांच्या बुदुच्नोस्त पोडगोरित्साने २०१२ ची फायनल हंगेरीच्या ग्योरविरुद्ध खेळली, तेव्हा फायनल दोन मॅचची असायची, एक आपल्याकडे एक त्यांच्याकडे, दोन्ही मिळून गोल बरोबरीत सुटले आणि दुसऱ्याच्या मैदानावर केलेल्या जास्त गोलांवर कप बुदुच्नोस्तला मिळाला. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये मॉन्टेनेग्रोच्या मुलींनी रौप्य आणलं, ते त्या देशाचं पहिलंच ऑलिंपिक पदक. या टीममधल्या बोयाना पोपोविचने तीन क्लबांकडून मिळून सहा वेळा ही स्पर्धा जिंकली. २०१५ ला बुदुच्नोस्तने पुन्हा कप नेला.

२०१४ पासून दोन मॅचची फायनल बंद झाली, शेवटच्या चार टीम बुडापेस्टला एकाच वीकेंडला खेळतात, शनिवारी सेमी, रविवारी फायनल. २०२०-२१ पासून १६ टीम, आठ-आठचे दोन गट, प्रत्येकीला गटातच १४ मॅच. आता बुडापेस्टच्या मोठ्या हॉलमध्ये या मॅचला वीस हजार माणूस बसतो. मी मात्र या फायनल उन्हाळ्यात जळगावला गच्चीवर पाणी मारून, चटई टाकून मोबाईलवर बघतो.

भुसावळवाल्यांना ग्योर जवळचं वाटेल. हंगेरीतल्या या शहरातला क्लब रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्याच्या कामगारांनी १९०४ ला काढला होता, अलीकडे नावात ऑडी गाडीवाले आले. २०१३, २०१४, २०१७, २०१८, २०१९, २०२४ आणि २०२५ असे सात कप. २०१७ आणि २०१८ च्या फायनल तर उत्तर मॅसेडोनियातल्या स्कोपियेच्या वार्दारविरुद्ध एक्स्ट्रा टाइमला, एकेका गोलाने. अनिता ग्योरबित्स ही त्यांची कॅप्टन होती, गावातच राहिली आणि यातले पाच कप खेळली. मधेच २०१६ ला याच ग्योरला सीएसएम बुखारेस्टने पेनल्टीवर हरवलं होतं, आणि सीएसएम म्हणजे तिथल्या महापालिकेचा क्लब. महापालिका पोरींची टीम चालवते आणि ती युरोप जिंकते, हे मला आजही भारी वाटतं.

२०२० ला कोरोनामुळे कप कोणालाच दिला नाही. मग नॉर्वेचं व्हायपर्स क्रिस्टियनसांड आलं, २०२१, २०२२, २०२३ सलग तीन. नोरा मॉर्कने यातले पहिले दोन जिंकून लार्विक नि ग्योरकडून जिंकलेले धरून पोपोविचसारखेच आपलेही सहा कप पूर्ण केले. आणि हीच टीम जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली, सीझन चालू असताना, खेळाडूंना मिळेल त्या क्लबकडे जावं लागलं. १ जून २०२५ च्या फायनलला व्हायपर्स नव्हतं, डेन्मार्कचं ओडेन्स पहिल्यांदा तिथवर पोचलं होतं, आणि ग्योरने ती मॅच २९-२७ ने घेतली.