खुलासा : सोन्याची नाणी कमी पाडली म्हणजे जास्त भाव?

‘फक्त ५,००० नाणी पाडली, म्हणजे भाव चढणारच’ हा समज संग्रहासाठी सोन्याची नाणी घेणाऱ्यांत वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो अर्धवट आहे, आणि लोक त्यापायी पैसे घालवतात.

जाहीर होते ती बहुतेकदा कमाल मर्यादा. प्रत्यक्षात पाडलेली नाणी त्याहून कमी असू शकतात. त्याहून महत्त्वाचे, किती शिल्लक राहिली? अमेरिकेचे १९३३ चे वीस डॉलरचे सोन्याचे नाणे ४,४५,५०० पाडले होते. जवळपास सगळी वितळवली गेली, म्हणून २०२१ मध्ये एक नाणे सुमारे १.८९ कोटी डॉलरला गेले.

दुसरी बाजू मागणीची. लोक दर वर्षाचे एक असा संच जमवतात तिथे कमी संख्येच्या वर्षाचे नाणे मिळता मिळत नाही आणि त्याला मागणी राहते : ‘अमेरिकन ईगल’ या अमेरिकी सोन्याच्या नाण्यांच्या मालिकेत अर्ध्या औंसाचे १९९१ चे नाणे (२४,१०० नग) असेच. उलट, अशा कोणत्याही मालिकेत नसलेली ‘मर्यादित’ नाणी दरवर्षी ढिगाने निघतात. ती शोधणारेच नसतील तर विकताना हातात सोन्याचाच भाव पडतो.

घेण्यापूर्वी हिशेब करा. एक औंस म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम शुद्ध सोने. नाण्यात जेवढे सोने आहे त्याचा त्या दिवसाचा भाव नाण्याच्या किमतीतून वजा केला की उरते ती जादा रक्कम. ती परत मिळेल का, हे लिलावात प्रत्यक्ष मिळालेल्या किमतींवरून ताडा, विक्रेत्याच्या मागणीवरून नव्हे. आणि नाणे कधीही घासून पुसू नका : बारीक ओरखडे भिंगाखाली लगेच दिसतात आणि संग्राहकाची जादा किंमत तिथेच जाते.