ठिपक्यांच्या रांगोळीची घडण

दारातली रांगोळी ही घर सांभाळणाऱ्या बाईची कला, तरी ग्रंथांनी तिची दखल फार पूर्वीच घेतली. कामसूत्रातल्या ६४ कलांमध्ये तांदूळ आणि फुलांच्या आकृत्या भरणे ही एक कला आहे. १२व्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लासा’त धूलिचित्र (कोरड्या भुकटीने काढलेले चित्र) हा चित्राचा एक स्वतंत्र प्रकार मानला. घरोघरी मात्र ती टिकली व्रतांमुळे: चातुर्मासात रोज ३३ गोपद्मे, म्हणजे गाईच्या पावलांच्या आकृती; चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रांगण ही अंगणातली रांगोळी. रोज काढायचीच, म्हणून हात वळत गेला.

कोकणात तांदळाची पिठी किंवा भाताचे तूस जाळून केलेली राख वापरत. शिरगोळा हा ठिसूळ पांढरा दगड. त्याची कुटून चाळलेली भुकटी पुढे सगळीकडे पोचली. ती किंचित रवाळच हवी. फार बारीक असली किंवा पावसाळ्यात दमट झाली, की चिमटीत गोळा होते आणि रेघ तुटते. शेणाचे सारवण ओले असताना रेघ ओल ओढून काळवंडते. गुळगुळीत फरशीवर भुकटी धरत नाही, वाऱ्याने फिसकटते. त्यासाठी आधी गेरूचा पातळ हात द्यावा आणि तो पुरता वाळू द्यावा.

या कलेतली खरी हुशारी ठिपक्यांत आहे. ‘१५ ते ८’ म्हणजे मधल्या ओळीत १५, मग वर आणि खाली एकेक कमी करत ८ पर्यंत; एकूण १६९ ठिपके. प्रत्येक ओळीचा ठिपका आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध बसतो, त्यामुळे षट्कोन आपसूक होतो. भूमिती न शिकलेल्या बायकांनी यावर कमळे, कासवे, मोर बसवले.

ठिपक्यांचा कागद घरीच होतो. जाड कागदावर साधारण इंचाच्या अंतराने खुणा करून पेटत्या उदबत्तीने भोके पाडायची. सुईने टोचले तर मागे कागदाची कड उभी राहते, तिथे भुकटी अडते; जळलेले भोक साफ असते. कागदावर रांगोळी पसरून तळव्याने फिरवायची आणि कागद सरळ वर उचलायचा. जरा सरकला तरी ठिपक्यांना शेपट्या फुटतात.

आता बाजारात तयार छापे आणि भोकांच्या नळ्या मिळतात. काम झटपट होते, पण कुठला ठिपका कुणाला जोडायचा हा निर्णय त्यात उरत नाही, आणि नवी नक्षी तिथूनच सुचते.