चेतासंस्था, मानवी : रचना व पेशी

चेतासंस्था : (मज्जासंस्था, तंत्रिका तंत्र). शरीराच्या आतून व बाहेरून येणाऱ्या संवेदना ग्रहण करून त्यांचा मेळ घालणारी आणि त्यानुसार स्नायू व ग्रंथी यांच्याकडून काम करून घेणारी संस्था. ‘मज्जासंस्था’ हा शब्द व्यवहारात रुळलेला आहे. परंतु मज्जा म्हणजे हाडाच्या पोकळीतील मगजही असल्याने येथे ‘चेता’ हा शब्द वापरला आहे. (असाच घोटाळा युरोपीय परिभाषेतही आहे. चेतातंतूंवरील वेष्टनाचे ‘मायलिन’ हे नाव मज्जा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आले.)

मेंदू व मेरुरज्जू मिळून केंद्रीय चेतासंस्था होते. त्यांच्यातून निघणाऱ्या चेता आणि त्यांच्या वाटेवरील गुच्छिका (चेतापेशींचे पुंजके) यांची परिघीय चेतासंस्था होते. मेंदूतून चेतांच्या १२ आणि मेरुरज्जूतून ३१ जोड्या निघतात. पैकी १२ हा आकडा परंपरेने आलेला आहे. दृष्टीची चेता ही दुसरी जोडी गर्भावस्थेत मेंदूचाच भाग बाहेर वाढून तयार होते आणि तिच्यावरील वेष्टनही केंद्रीय प्रकारचे असते. म्हणून काटेकोरपणे ती परिघीय म्हणता येत नाही.

हृदय, आतडी, ग्रंथी अशा इच्छेबाहेर चालणाऱ्या अवयवांचे नियंत्रण स्वायत्त विभागाकडे असते. त्याचे अनुकंपी (शरीराला तातडीच्या कृतीसाठी सज्ज करणारा) व परानुकंपी (विश्रांतीच्या स्थितीत आणणारा) असे दोनच भाग बऱ्याच पाठ्यपुस्तकांत दिलेले आढळतात. ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक जॉन लँग्ली यांनी आतड्याच्या भित्तीतील चेताजालाला तिसरा, स्वतंत्र विभाग मानले होते. बाहेरून येणाऱ्या चेता तोडल्यावरही आतड्याच्या प्रतिक्षिप्त हालचाली चालू राहतात, हे पाहता त्यांची विभागणी अधिक सयुक्तिक वाटते.

चेतापेशी : पेशीकाय, त्याला फुटलेल्या आखूड वृक्षिका (संदेश घेणाऱ्या शाखा) आणि एक अक्षतंतू (संदेश पुढे नेणारा तंतू) अशी हिची सर्वसाधारण रचना असते. कमरेच्या पातळीवरील मेरुरज्जूपासून पावलापर्यंत जाणारा अक्षतंतू सुमारे एक मीटर लांब असू शकतो.

या पेशी एकमेकींपासून सुट्या आहेत की त्यांचे शरीरभर एकसंध जाळे आहे, हा वाद १९ व्या शतकाच्या अखेरीस पेटला. इटालियन वैज्ञानिक कामील्लो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये रजतक्षाराने ऊतक रंगवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात थोड्याच पेशी रंगतात, पण त्या बहुधा शाखांसह संपूर्ण दिसतात. गॉल्जी जाळ्याच्या बाजूचे होते. स्पॅनिश वैज्ञानिक सांतियागो रामोन ई काहाल यांनी १८८८ पासून हीच पद्धत सुधारून वापरली आणि शाखांची टोके मोकळी असल्याचे दाखवले. विल्हेल्म हिस व ऑग्युस्त फोरेल यांनी त्याआधीच तसा तर्क मांडला होता, त्यामुळे सुट्या पेशींच्या या सिद्धांताचे श्रेय एकट्या काहाल यांना देणे अवघड आहे. ‘न्यूरॉन’ हे नाव रूढ करणारे वाल्डायर (१८९१) यांनी तर प्रामुख्याने इतरांचेच संशोधन संकलित केले होते. १९०६ चे नोबेल पारितोषिक गॉल्जी व काहाल यांना विभागून मिळाले. त्या प्रसंगीच्या व्याख्यानातही गॉल्जी यांनी सुट्या पेशींचा सिद्धांत खोडून काढण्याचा प्रयत्न केला.

दोन पेशींच्या सांध्याला चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९७ मध्ये ‘सिनॅप्स’ म्हटले, तेव्हा तेथील फट कोणी पाहिली नव्हती. सुमारे २० नॅनोमीटरची ती फट १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसली आणि वाद बहुतांशी मिटला. बहुतांशी म्हणण्याचे कारण असे की, काही सांध्यांत फट ओलांडणाऱ्या रासायनिक दूताऐवजी पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म नलिकांतून विद्युत्‌प्रवाह थेट जातो.

आधारपेशी (ग्लायल पेशी) : ग्लिया म्हणजे सरस. या पेशी म्हणजे चेतापेशींमधील भरण, अशी रूडॉल्फ फिरखो यांची समजूत होती. ताराकृती पेशी पोषण व क्षारांचा समतोल पाहतात. मायलिनचे वेष्टन मेंदू व मेरुरज्जूत ऑलिगोडेंड्रोसाइट आणि परिघात श्वान पेशी घालतात (नाव टेओडोर श्वान यांच्यावरून, संस्कृत शब्दाशी संबंध नाही). त्यांतील फरक लक्षणीय आहे : ऑलिगोडेंड्रोसाइट एकाच वेळी अनेक अक्षतंतूंना वेष्टन पुरवते, तर श्वान पेशी एकाच तंतूच्या एका तुकड्याला. वेष्टनामुळे संदेशाचा वेग सेकंदाला १०० मीटरपेक्षाही अधिक होऊ शकतो. वेष्टनाविना तो साधारण ०.५ ते २ मीटर असतो.

आधारपेशी चेतापेशींच्या दहापट असतात, हे विधान अनेक ग्रंथांत आढळते. त्याला प्रत्यक्ष मोजणीचा आधार दिसत नाही. २००९ मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी केलेल्या मोजणीत चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी आणि इतर पेशी जवळपास तितक्याच भरल्या. मोजणी चारच पुरुषांच्या मेंदूंची होती, तरी तूर्त हाच आकडा ग्राह्य धरावा. यांपैकी सुमारे ८०% चेतापेशी, वजनाने मेंदूच्या जेमतेम दशांश असलेल्या अनुमस्तिष्कात (लहान मेंदूत) आहेत.

मायक्रोग्लिया या भक्षक पेशींचे वर्णन पीओ देल रीओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये केले. त्या इतर आधारपेशींप्रमाणे गर्भाच्या बाह्यस्तरातून (बाहेरच्या पेशीथरातून) येतात की मध्यस्तरातून (मधल्या थरातून), यावर दीर्घकाळ मतभेद होते. उंदरांवरील अलीकडच्या प्रयोगांवरून त्या गर्भाच्या पीतक कोशातून (गर्भाला जोडलेल्या पिशवीतून) मेंदूत शिरतात असे दिसते.